सामाजी दिवेकर यांचा नवस



पवित्र मिस्सामध्ये जुन्या करारातील वाचने ऐकताना बाबिलोनच्या बंदिवासाचा उल्लेख आपल्या कानावर वारंवार येतो. यिर्मया, यहेज्केल, दानिएल, एज्रा, नहेम्या ही नावे आपल्याला परिचयाची आहेत. पण हा सगळा इतिहास फार जुना आणि फार दूरचा, असे वाटून आपण तो कानाआड करतो. त्याच इस्राएली प्रजेची एक शाखा शेकडो वर्षे आपल्याच महाराष्ट्रात राहिली, आपलीच मराठी बोलली, आपल्यासारखीच गावावरून आडनावे लावू लागली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. या शाखेला बेने इस्राएल म्हणतात. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची मुले. त्यांच्यातील एका सैनिकाचे चरित्र आज आपण पाहणार आहोत. त्यांचे नाव सॅम्युएल यहेज्केल दिवेकर. आपल्या माणसांत ते सामाजी हसाजी दिवेकर या मराठी नावाने ओळखले जात. मुंबईत मशीद बंदर भागातील सॅम्युएल स्ट्रीट हा रस्ता त्यांच्याच नावाचा आहे.

बंदिवासात काय उरले?

सामाजींची गोष्ट नीट समजण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने येरुशलेम जिंकले आणि परमेश्वराचे मंदिर जाळले. लोकांना बांधून परदेशी नेण्यात आले. राजा गेला, देश गेला, मंदिर गेले. जेथे बलिदान अर्पण करायचे ती वेदीच राहिली नाही. अशा प्रजेचा विश्वास एका पिढीत विझून जायला हवा होता. तसे झाले नाही. लोकांच्या हाती जे थोडे उरले होते ते त्यांनी घट्ट धरून ठेवले. शब्बाथचा दिवस त्यांनी पाळला. मुलांची सुंता केली. पूर्वजांच्या हकिकती मुलांना सांगितल्या, नियमशास्त्राची वचने जपली. प्रार्थनेसाठी आणि वचनासाठी एकत्र जमण्याची रीत याच काळात रुजली, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे तिच्यातूनच सभास्थाने उभी राहिली. आपला प्रभू येशू नासरेथच्या अशाच एका सभास्थानात शब्बाथ दिवशी जात असे.

पुढे पारसाचा राजा कोरेश याने बाबिलोन घेतले आणि इ. स. पूर्व ५३८ मध्ये लोकांना परत जाण्याची मोकळीक दिली. इ. स. पूर्व ५१५ च्या सुमारास मंदिर पुन्हा उभे राहिले. इ. स. पूर्व ४४५ मध्ये नहेम्या आला आणि त्याने पडलेला तट ५२ दिवसांत बांधून काढला. पण तट बांधून झाला म्हणजे काम संपले, असे कोणी मानले नाही. सगळे स्त्रीपुरुष चौकात जमले आणि एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखवले. ते ऐकून लोक रडले. भिंती उभ्या राहिल्या, पण प्रजा खऱ्या अर्थाने उभी राहिली ती वचन ऐकल्यावर.

कोकणातले शनिवार तेली

आता कोकणात येऊ. बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगाव येथेच पुरण्यात आले आणि ती जागा ही प्रजा आजही पवित्र मानते. हे केव्हा घडले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी इ. स. पूर्व दुसरे शतक सांगतात, तर कोणी बराच नंतरचा काळ. समुद्राने त्यांचे सामान गिळले, त्यांचे ग्रंथही गिळले, असे ते लोक सांगत आले आहेत. त्यांच्यापाशी ना धर्मगुरू, ना शास्त्र, ना मंदिर. बाबिलोनला नेलेल्या पूर्वजांपाशी निदान संदेष्टे होते. यांच्यापाशी तेही नव्हते.

ही माणसे कोकणातल्या खेड्यांत पांगली. कोणी शेती केली, पुष्कळांनी तेलाचा घाणा घातला. राहत्या गावावरून दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावे पडली. बोली मराठी झाली, वेश मराठी झाला. हिब्रू भाषा विसरली गेली. तरी काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. आठव्या दिवशी मुलाची सुंता करायची. देव एकच आहे अशी कबुली देणारी 'शमा' ही हिब्रू प्रार्थना म्हणायची. तिचा सगळा अर्थ कळला नाही तरी ती जन्माच्या, लग्नाच्या, मरणाच्या वेळी म्हणायचीच. आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा.

शेजारी गावकऱ्यांनी हे पाहिले. इतर तेल्यांचा घाणा शनिवारी फिरतो, यांचा मात्र उभा असतो. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नाही, शेजाऱ्यांनी दिलेले आहे. त्यांनी कधी प्रवचन केले नाही, गावापुढे आपल्या धर्माची घोषणा केली नाही. आठवड्यातला एक दिवस कमाई बाजूला ठेवली, एवढेच. त्या एका दिवसावरून सगळ्या मुलखाने त्यांना ओळखले.

पुढे कोचीनकडून डेव्हिड रहाबी नावाचे एक शिक्षक आले. त्यांचा काळ निरनिराळा सांगितला जातो, पण त्यांची आठवण या प्रजेत फार प्रेमाने जपलेली आहे. हे लोक खरोखर इस्राएली आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी घरातल्या स्त्रियांना निरनिराळे मासे शिजवायला दिले, असे सांगतात. स्त्रियांनी पंख आणि खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणून सांगितले. मोशेच्या नियमशास्त्रात हाच नियम आहे. त्या माउलींनी नियमशास्त्र कधी वाचलेले नव्हते. चुलीपाशी आईकडून मुलीला, सासूकडून सुनेला मिळत आलेली ती शिकवण होती. रहाबींनी ओळखले, की हे आपलेच हरवलेले भाऊ आहेत. त्यांनी तिघा तरुणांना शिकवून तयार केले. त्यांना लोक काजी म्हणू लागले. ते गावोगाव फिरून लग्ने लावत, सुंता करत आणि भांडणे मिटवत.

सैनिक आणि कैदी

या प्रजेत अठराव्या शतकात सामाजींचा जन्म झाला. दिवे या गावावरून त्यांचे घराणे दिवेकर. त्यांच्या वडिलांचे हसाजी हे नाव म्हणजे यहेज्केल या नावाचे मराठी वळण. यहेज्केल संदेष्टा स्वतः बाबिलोनच्या बंदिवासात होता. सुक्या हाडांना पुन्हा जीव येतो, हा दृष्टान्त त्यालाच झाला. अशा संदेष्ट्याचे नाव असलेल्या बापाच्या मुलाच्या वाट्याला पुढे कैद यावी, हा योग वाचकांनी ध्यानात ठेवावा.

त्या काळात कोकणातील बेने इस्राएल कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईला येऊ लागली होती. पुष्कळांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत नोकरी धरली. सामाजीही फौजेत शिरले आणि वरच्या देशी अधिकाराच्या जागेपर्यंत चढले. त्यांचे भाऊही सैनिकच होते.

कंपनी आणि म्हैसूर यांच्यातील दुसरे युद्ध १७८० ते १७८४ या काळात झाले. त्यात मुंबई फौजेचे पुष्कळ शिपाई टिपू सुलतानाच्या हाती सापडले. सामाजी आणि त्यांचे भाऊही कैद झाले. अशा कैद्यांचे भवितव्य कोणालाच ठाऊक नसे. या काळात सामाजींनी नवस केला, की देवाने येथून सोडवले तर मुंबईत त्याच्या नावाने प्रार्थनेचे घर बांधीन.

त्यांची सुटका कशी झाली याविषयी एक हकिकत त्यांच्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना त्यांची जात आणि धर्म विचारण्यात आला. यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले. ते नाव कुराणात अनेक ठिकाणी येते. ते ऐकून टिपूच्या आईला नवल वाटले आणि तिने मध्ये पडून त्यांचे प्राण वाचवले, असे म्हणतात. या हकिकतीत इतिहास किती आणि आठवणीतली भर किती, हे बाजूला ठेवू. एवढे खरे, की सामाजी कैदेतून जिवंत परतले आणि ही सुटका देवाने केली अशी त्यांची खात्री होती.

दयेचे द्वार

संकटात नवस करणे सोपे असते. सुटका झाल्यावर तो फेडणे अवघड. घरी आल्यावर संसार असतो, कर्ज असते, राहिलेली कामे असतात. सामाजींनी नवस विसरून जायचे ठरवले असते तर त्यांना विचारणारे कोणी नव्हते. पण १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत सभास्थान बांधले. मुंबईतील बेने इस्राएल लोकांचे हे पहिले सभास्थान. त्याचे नाव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. शेजारचे लोक सभास्थानाला मशीद म्हणत आणि हीच पुढे जुनी मशीद म्हणून ओळखली गेली. मशीद या रेल्वे स्थानकाचे नावही तिच्यावरूनच पडले, असे मानले जाते. पुढे इमारत बदलली, पण ते दयेचे द्वार मुंबईत अजून आहे.

या घराची गरज काय होती? इस्राएली रीतीप्रमाणे काही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाहीत. त्यासाठी निदान दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. खेड्यात एक-दोन घाण्यांची घरे, दहा जण आणायचे कोठून? शतकानुशतके ही प्रजा घराघरांत विश्वास जपत आली होती, पण प्रजा म्हणून तिला एकत्र बसायला जागा नव्हती. सामाजींनी ती जागा दिली. सुटका एका माणसाची झाली होती, नवसाचे फळ सगळ्यांना मिळाले.

पण भिंती उभ्या राहिल्यावरही सामाजींचे समाधान झाले नाही. सभास्थानाचे हृदय म्हणजे तोरा, मोशेच्या पाच ग्रंथांची गुंडाळी. ती छापून चालत नाही. जाणता लेखक चामड्याच्या पत्र्यांवर एकेक अक्षर हाताने लिहितो आणि हे काम बरेच महिने चालते. तोराच्या गुंडाळ्या मिळवण्यासाठी सामाजी कोचीनला गेले. तेथील यहुदी लोक हिब्रूत आणि विधींत जाणकार होते. १७९७ मध्ये, सभास्थान उभे राहिल्यावर वर्षभरातच, सामाजींना कोचीन येथे मरण आले. ज्या घरासाठी ते निघाले होते त्या घरी ते परतले नाहीत.

लढाईतून आणि कैदेतून वाचलेला हा सैनिक देवाच्या वचनाच्या शोधात परमुलखात मरण पावला. मोशेने वचनदत्त देश दुरून पाहिला, त्याची येथे आठवण होते.

पेरले ते उगवले

सामाजींनंतर काम थांबले नाही. कोचीनकडचे शिक्षक मुंबईला आले आणि लोकांना हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवू लागले. एकोणिसाव्या शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल या कोकणातल्या गावांतही सभास्थाने उभी राहिली.

या नवजीवनात ख्रिस्ती लोकांचाही एक हात होता. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले आणि १८३१ मध्ये त्यांनी आपल्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, काम सुरू केले. हे प्रोटेस्टंट मिशन होते. त्यांच्या कोकणातल्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली आणि त्यांच्यातले काही जण तेथे मास्तर झाले. जुना करार मराठीत आला तेव्हा या लोकांना आपल्याच पूर्वजांचा ग्रंथ आपल्या भाषेत वाचायला मिळाला. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले. मिशनऱ्यांना वाटले होते, की हे लोक ख्रिस्ती होतील. तसे फारसे घडले नाही. वचन वाचून बहुतेक जण आपल्या पूर्वजांच्या विश्वासात अधिक दृढ झाले. पुढे जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. योसेफासारख्या बायबलमधील थोरांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि पुढच्या काळात या प्रजेतील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आज भारतात फार थोडे लोक उरले आहेत. पण संकटात एलिया संदेष्ट्याचे नाव घेऊन नवस बोलायचा आणि काम झाल्यावर पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा मलिदा करून देवाचे आभार मानायचे, ही कोकणातली रीत त्यांनी तिकडेही नेली.

या लोकांना आपली ख्रिस्तसभा परके मानत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट शिकवले, की देवाने या प्रजेला दिलेली वचने मागे घेतलेली नाहीत आणि यहुदी लोकांचा द्वेष ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे रोमच्या सभास्थानात गेले. पवित्र मरिया, संत योसेफ आणि सगळे प्रेषित याच प्रजेतले होते, हे आपण विसरू नये.

आपल्यासाठी काय?

देवळाली प्रवरातल्या आपल्या कुटुंबांना या गोष्टीतून काय घेता येईल?

पहिली गोष्ट, थोडे असले तरी नेमाने करावे. आपल्यातले कितीतरी तरुण कामासाठी पुणे, चाकण, मुंबई, नाशिक येथे गेले आहेत. तेथे रविवारी पाळी असते, चर्च कोठे आहे हे ठाऊक नसते, ओळखीचे कोणी नसते. एक रविवार चुकतो, मग महिना चुकतो, मग वर्ष. शनिवार तेल्यांपाशी चर्च नव्हते, फादर नव्हते, बायबल नव्हते. एक दिवस आणि एक प्रार्थना यांच्या आधाराने त्यांनी शतके काढली. आपल्या घरी रोज संध्याकाळी निदान एक प्रार्थना सगळ्यांनी मिळून होते का? आपले शेजारी आपल्याला रविवारवरून ओळखतात का? की आपला घाणाही आता सातही दिवस फिरू लागला आहे?

आपल्या जिल्ह्यानेही असा काळ पाहिला आहे. पहिल्या महायुद्धात येथे काम करणाऱ्या जर्मन जेज्वीट धर्मगुरूंना इंग्रज सरकारने नजरकैदेत टाकले आणि पुढे मायदेशी पाठवले. मेंढरांना पुरेसे मेंढपाळ उरले नाहीत. अशा वेळी गावोगावचे मास्तर आणि घरोघरच्या आज्या यांनी जपमाळ आणि प्रार्थना चालू ठेवल्या. आपला विश्वास आपल्यापर्यंत आला त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट, शिकायला लाजू नये. बेने इस्राएल लोकांनी कोचीनच्या शिक्षकापुढे आम्हांला सगळे येते असे म्हटले नाही. सामाजी फौजेतले अधिकारी, पण तोरासाठी स्वतः दूरवर गेले. आपल्यापैकी पुष्कळांचे धर्मशिक्षण पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकारापाशी थांबलेले असते. मुलाने काही विचारले की आपण गप्प बसतो. पन्नाशीतही बायबल उघडून मास्तरांना किंवा सिस्टरांना अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. एज्राचे वाचन ऐकून रडणाऱ्यांत म्हातारी माणसेही असतीलच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. देवाने मला सोडवले, तर त्याचा लाभ दुसऱ्याला व्हावा. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला आपण नवस फेडायला जातो, मेणबत्ती लावतो, पायी चालत जातो. ते चांगलेच आहे. पण सामाजींचा नवस एक पाऊल पुढे गेला. ज्याचा आजार बरा झाला त्याने दुसऱ्या आजाऱ्याला दवाखान्यात न्यावे. ज्याचे कर्ज फिटले त्याने एखाद्या मुलाची शाळेची फी भरावी. दारू सुटलेल्याने ती न सुटलेल्या भावापाशी जाऊन बसावे. ऊसतोडणीच्या हंगामात आपल्या शिवारात परगावची कुटुंबे कोप्या घालून राहतात. ती एका अर्थाने बंदिवासातलीच माणसे, घर आणि गाव मागे ठेवून आलेली. त्यांच्यात कोणी ख्रिस्ती आहे का, त्यांची मुले नाताळला कोठे असतात, हे आपण कधी विचारले का? आणि ती ख्रिस्ती नसली तरी आपल्या दारात दयेचे द्वार उघडे असायला काय हरकत आहे?

या आठवड्यात एवढे करू या. परगावी असलेल्या आपल्या मुलाला किंवा मुलीला फोन करून तेथले चर्च शोधायला सांगू. घरी नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय सगळ्यांसमोर वाचू. आणि आपण कधीतरी केलेला, पण फेडायचा राहिलेला एक नवस आठवून तो फेडू.

हे दयाळू पित्या, बाबिलोनच्या नद्यांकाठी आणि कोकणच्या किनाऱ्यावर तू तुझ्या प्रजेला विसरला नाहीस. प्रवरेकाठच्या आम्हांलाही विसरू नकोस. आमच्यातले जे दूर गेले आहेत त्यांना तुझ्या घराची ओढ लाव. जे थोडे आमच्या हाती आहे ते विश्वासूपणे जपायला आणि तू केलेल्या सुटकेत इतरांना वाटा द्यायला आम्हांला शिकव. आमच्या प्रभू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.